अपघात ट्रकचा, हिशेब बाईच्या श्रमाचा

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर दर दोन-चार दिवसांनी एक बातमी असते. 'ट्रकच्या धडकेत दोन महिला ठार, चालक फरार.' गावांची नावे तेवढी बदलतात. बातमीत गाडीचा नंबर असतो, पोलीस ठाण्याचे नाव असते आणि शेवटी 'घटनेने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' हे वाक्य असते. आपण ते वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो.

स्त्री-संघटनांच्या शिबिरांत आपण हुंडाबळी, नवऱ्याची मारहाण, पोटगी, मालमत्तेतला वाटा या विषयांवर तासन्‌तास बोलतो. बोललेच पाहिजे. पण रस्त्यावरचा अपघात हा बायकांचा प्रश्न आहे, असे आपल्याला सहसा वाटत नाही. तो वाहतूक खात्याचा प्रश्न, पोलिसांचा प्रश्न, फार तर नशिबाचा प्रश्न. ऊसतोड कुटुंबांबरोबर काम करताना अपघाताच्या दाव्यांचे कागद माझ्या हातून बरेच गेले. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की हा आपलाही प्रश्न आहे. ट्रकखाली सापडलेल्या बाईची किंमत किती, हे जिथे रुपयांत ठरवले जाते, तिथे आपल्या घरातल्या आणि शेतातल्या श्रमाची किंमत ठरत असते. आणि त्या जागी आपल्यापैकी फारच थोड्याजणी पाऊल टाकतात.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली १५,२२४ माणसे महाराष्ट्रातली. मेलेल्यांत दहापैकी आठांहून अधिक पुरुष असतात. म्हणजे बाईचा या प्रश्नाशी संबंध कमी, असा अर्थ कुणी काढील. उलट आहे. जो पुरुष जातो त्याच्यामागे राहते ती बाई. जो लुळा होऊन घरी येतो त्याचे सारे उठून करते ती बाई. आणि जी बाई स्वतः मरते किंवा जखमी होते, तिच्याबद्दल पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "ती काय कमवत होती?"

अपघात आपोआप होत नाहीत

चालक फरार झाला की दोष त्याच्या अंगावर टाकून सगळे मोकळे होतात. चालकाची चूक असतेच, नाही असे नाही. पण तो त्या वेळी त्या जागी तसा का होता, हे कोण विचारणार? ट्रकचालकाला बहुतेक ठिकाणी पगारापेक्षा खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला तेव्हाच त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली होती. ती मर्यादा पाळणारा मालक शोधायला दिवा घेऊन जावे लागेल. चौदा-पंधरा तास चाकावर बसलेला माणूस पहाटे तीन वाजता डोळे उघडे ठेवून झोपतो, हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल.

दुसरे कारण भाराचे. भाडे टनावर मिळते, म्हणून गाडी वाजवीपेक्षा जास्त भरली जाते. भरलेल्या गाडीला थांबायला अंतर जास्त लागते, टायर तापून फुटतात, वळणावर गाडी कलंडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा दंड आहे. दंड मोठा झाला, पण नाक्यावरची देवघेव बंद झाली असे नाही.

पुण्याच्या नवले पुलाकडे उतरणारा रस्ता सर्वांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालवाहू गाडीने पुढच्या अनेक गाड्या चेपत नेल्या. आधी 'ब्रेक फेल' असे सांगितले गेले. नंतर चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे पोलिसांनी सांगितले. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी अशी सोडण्याची सवय जुनी आहे. इंजिनाची अटक नाहीशी होते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच भागात कंटेनरच्या धडकेनंतर आग लागून किमान आठ माणसे गेली. डिझेल कुणाचे वाचते आणि जीव कुणाचा जातो, हा प्रश्न तिथे विचारला पाहिजे.

उभी गाडी हीसुद्धा मारणारी गाडी असते. बंद पडलेला ट्रक रात्री रस्त्यातच उभा, मागे दिवा नाही, चार दगड आणि एक झाडाची फांदी एवढीच खूण. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक प्रवासी टेम्पो ट्रकवर मागून आदळला आणि १२ जण मेले. दर्शनाहून घरी परतणारी साधी माणसे होती ती. परिवहन खात्याच्या पथकाने तो ट्रक थांबवला होता असे पुढे आले.

आणि ऊसपट्ट्यातल्या वाचक मैत्रिणींना मी काय सांगावे! दिवाळीनंतर संध्याकाळी रस्त्याला लागले की पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि गाण्याचा आवाज इतका मोठा की मागच्या हॉर्नचा पत्ता नाही. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. पट्टी काही रुपयांची आहे. ती नसल्यामुळे मागून धडकून मेलेल्या मोटारसायकलवाल्याची बायको मात्र पुढची तीस वर्षे काढते.

मालाच्या गाडीत बाया

आता आपण त्या गाडीच्या वर बसलेल्या बायांकडे येऊ. खुरपणीला, हळद काढायला, लग्नाला, जत्रेला बाया कशातून जातात? पिकअपमधून, टेम्पोतून, ट्रकच्या हौद्यातून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात बाया मेल्या. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायांचा पिकअप दरीच्या बाजूला कोसळला. त्यात किमान दहा बाया गेल्या. 'माल नेण्याच्या गाडीत बसल्याच कशाला?' असे शहाणी माणसे विचारतात. कारण वाडीपर्यंत एस.टी. येत नाही. आली तर कामाच्या वेळेला येत नाही. आणि मजुरीच्या पैशातून रिक्षाचे भाडे गेले तर हातात काय उरणार?

कायद्याची गोष्ट आणखी कडू आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात गाडीबाहेरची माणसे येतात. पण त्याच गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेले प्रवासी त्या विम्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर त्याला संरक्षण आहे. म्हणजे कांद्याच्या गोण्यांबरोबर बसलेल्या बागाईतदाराला विमा आहे आणि त्या गोण्या भरायला नेलेल्या बाईला विमा मिळेलच असे नाही. ट्रॅक्टरचेही तेच. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्याला आम्ही जबाबदार नाही, असे विमा कंपनीचे ठरलेले उत्तर असते. मग भरपाई देण्याचा हुकूम एकट्या मालकावर होतो, आणि मालकाच्या नावावर वसूल करण्याजोगे काही सापडत नाही. काही प्रकरणांत न्यायालयांनी 'कंपनीने आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे' असे म्हटले आहे. पण ते प्रत्येक प्रकरणात होत नाही.

यातून दोन वाटा निघतात आणि त्या आपल्याला माहीत हव्यात. एक, बाई त्या गाडीच्या मालकाच्याच कामावर असेल आणि मालवाहू गाडीतून कामासाठी जात असेल, तर कामगाराला द्यावयाच्या भरपाईपुरती जबाबदारी विम्यात येते. ऊसतोडीत पुष्कळदा गाडीमालकच टोळीला उचल देतो. तेव्हा उचल कुणी दिली, करार कुणी केला, याचा कागद जपला तर 'ती फुकट बसलेली प्रवासी होती' या बचावाला उत्तर देता येते. दुसरी वाट, धडक दुसऱ्या गाडीने दिली असेल तर त्या गाडीच्या विम्यावर दावा चालतो. दोन्ही चालकांची चूक असेल तरी बसलेल्या बाईची चूक नसते. अशा वेळी दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे.

चालकाच्या बायकोबद्दलही एक शब्द. ट्रक उलटून चालक मेला की 'चूक त्याचीच, भरपाई कसली' असे म्हणून तिला वाटेला लावतात. कामावर असताना मेलेल्या कामगाराच्या वारसांना भरपाईचा हक्क १९२३ सालच्या कायद्याने दिला. आज तो कायदा नव्या संहितेत गेला आहे. मृत्यूच्या बाबतीत त्या हक्काला कामगाराची चूक आड येत नाही. चालकाची बायको हीसुद्धा आपल्यातलीच आहे. फरार चालकाला शिव्या देताना तिला विसरू नये.

'ती काही कमवत नव्हती'

मोटार अपघाताची भरपाई ठरवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. तिथे मृत्यूच्या दाव्यात हिशेबाची रीत ठरलेली आहे. मेलेल्या व्यक्तीचे महिन्याचे उत्पन्न घ्यायचे, त्यात पुढे वाढले असते त्याची टक्केवारी मिळवायची, तिचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, बारा महिन्यांनी गुणायचे आणि मग वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. हे गुणक २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले आणि २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भविष्यातल्या वाढीची टक्केवारी ठरवून दिली.

गणित सरळ आहे. ते सुरू होते एका आकड्यापासून : उत्पन्न. आणि तिथेच बाई अडकते.

ऊसतोडीत मजुरी कोयत्यावर असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे चारला उठून भाकरी करायची, पोराला पाठीशी टाकून फडात जायचे, तोडलेला ऊस मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायचा. इतके केल्यावर मुकादमाच्या वहीत नाव असते नवऱ्याचे. उचल त्याच्या हातात, हिशेब त्याच्याशी. ती मेली की न्यायाधिकरणासमोर तिच्या उत्पन्नाचा एकही कागद नसतो. एका दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात नवऱ्यालाच विचारले, "तुमची बायको घरीच असायची ना?" आणि त्याने सवयीने "हो" म्हटले. तो खोटे बोलत नव्हता. बायको फडात त्याच्याबरोबर सहा महिने राबते, याला तो 'काम' म्हणतच नव्हता. त्या एका 'हो'ने तिच्या लेकरांचे नुकसान केले.

आकड्यात सांगते. बाई ३५ वर्षांची आहे, तिच्यावर अवलंबून चार माणसे आहेत. तिचे महिन्याचे उत्पन्न ३,००० रुपये धरले तर? त्यात ४० टक्के वाढ मिळवून ४,२०० होतात, वर्षाचे ५०,४००. तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला की ३७,८०० राहतात. या वयाचा गुणक १६. एकूण ६,०४,८०० रुपये. आता तिचे उत्पन्न १२,००० धरा. हाच हिशेब २४,१९,२०० रुपयांवर जातो. एका कागदाचा फरक १८ लाखांच्या वर. बाई तीच, अपघात तोच, लेकरेही तीच.

आणि जी बाई 'फक्त घरी' असते तिचे काय? १९९४ साली मोटार वाहन कायद्याला एक तक्ता जोडला गेला. त्यात मिळकत नसलेल्या माणसाचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते आणि कमावत्याच्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश. घर सांभाळणाऱ्या बाईची किंमत नवऱ्याच्या एक तृतीयांश, हे चक्क कायद्यात छापले होते! हा तक्ता आता राहिला नाही. पण त्यामागचा विचार माणसांच्या डोक्यातून गेला आहे असे मला वाटत नाही.

न्यायालयांनी मात्र हळूहळू पुढे पाऊल टाकले, हे मान्य केले पाहिजे. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०१० सालच्या निकालात न्या. अशोककुमार गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर एकाच 'काम न करणाऱ्यां'च्या रकान्यात बसवण्यात स्त्रीबद्दलचा भेदभाव आहे, असे त्यांनी म्हटले. जानेवारी २०२१ मध्ये न्या. एन. व्ही. रमणा यांनी वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. २०१९ च्या त्या पाहणीत स्त्रिया बिनमोल घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले होते. गृहिणीच्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरली पाहिजे, हेही त्या निकालाने सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालय म्हणाले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही.

पंचवीस-तीस वर्षे आपण मोर्च्यांत आणि शिबिरांत जे सांगत होतो, ते आता देशाचे सर्वोच्च न्यायालय सांगते आहे. पण तालुक्यात दावा लिहिणारे वकील आजही 'गृहिणी, उत्पन्न नाही' असे लिहून मोकळे होतात. निकाल दिल्लीत लागला म्हणून तो आपल्या पाटोद्याला, माजलगावला आपोआप पोचत नाही. तो पोचवण्याचे काम आपले आहे.

जी जगते तिचे

मेलेल्यांपेक्षा जखमी होणारे कितीतरी अधिक असतात. जखमी बाईच्या बाबतीत सगळा भर डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर जातो. दाखल्यात ३० टक्के असले की उत्पन्नाचे नुकसानही ३० टक्के धरून मोकळे होतात. ही रीत चुकीची आहे, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने समजावून सांगितले आहे. अवयवाची टक्केवारी वेगळी आणि त्या माणसाच्या कमाईवर होणारा परिणाम वेगळा. हात गेलेला कारकून काही काम करू शकेल. हात गेलेला चालक किंवा सुतार काय करील? आपण पुढे विचारू : उजव्या हाताची मूठ न मिटणारी ऊसतोड बाई कोयता कशी धरील? मोळी कशी उचलील? भाकरी कशी थापील, विहिरीचे पाणी कसे शेंदील? हे सगळे साक्षीत यायला हवे. ते आपणहून कुणी विचारत नाही.

आणखी एक श्रम कुठेच मोजला जात नाही. अपंग होऊन घरी आलेल्या माणसाची सेवा. नवऱ्याच्या कमरेखालची संवेदना गेली की त्याला कुशीवर वळवणे, हगणेमुतणे काढणे, जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा उठणे, हे बायको किंवा आई करते. त्यासाठी तिची मजुरी बुडते. दाव्यात मात्र शुश्रूषेच्या खर्चापुढे शून्य, कारण 'घरचेच माणूस करते'. पैसे घेऊन हे काम करणारी बाई ठेवली असती तर तिची पावती जोडता आली असती. बायको फुकट राबली म्हणून टक्कर देणाऱ्याचे पैसे वाचावेत, हा कुठला न्याय? हरियाणातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, जिच्या ट्रॅक्टरला ट्रकने धडक दिली होती, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च गुणक लावून दिला. तेव्हा शुश्रूषेचा खर्च मागायचाच. करणारी घरची असली तरी मागायचा.

पैसे आले, पण कुणाकडे?

भरपाई मंजूर झाली की नवेच नाटक सुरू होते. कधी न फिरकलेला दीर दारात येऊन बसतो. पंचविशीतली विधवा असेल तर 'ती उद्या दुसरे लग्न करील, मग आमच्या पोराचे पैसे घेऊन जाईल' अशी भाषा सुरू होते. काही ठिकाणी तिला दाव्यात नावच लावू देत नाहीत. सासरा अर्जदार होतो आणि ती नुसती अंगठ्याची धनी. वारसांत पत्नीचा हक्क स्वतंत्र आहे. पुनर्विवाह केला म्हणून विधवेची भरपाई अडवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. लग्न झालेल्या मुलीलाही आईबापाच्या मृत्यूचा दावा करता येतो, आणि जावयावर अवलंबून असलेल्या सासूलाही. सासूबद्दलचा निकाल २०२१ चा आहे. रक्कम वाटून देताना न्यायाधिकरण प्रत्येकाचा हिस्सा सांगते आणि काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावते. ठेव तिच्या एकटीच्या नावावर आहे का आणि पासबुक कुणाच्या पेटीत आहे, हे निकालानंतर सहा महिन्यांनी जाऊन पाहणे, हे कार्यकर्तीचे काम आहे. माझ्या अनुभवात निम्मी लढाई तिथे असते.

काय करावे?

दावा करणाऱ्या बाईला लागेल ते थोडक्यात सांगते.

अपघातानंतर आठ-पंधरा दिवसांत गाडीमालकाचा माणूस येतो. 'झाले ते झाले, आपसात मिटवू' म्हणतो, वीस-पंचवीस हजार रुपये पुढे करतो आणि स्टँपपेपरवर अंगठा मागतो. देऊ नये. दवाखान्यातच गाठणारे दलाल 'आलेल्या पैशात इतके टक्के' असा सौदा करतात. वकिलांना अशी टक्केवारी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

फिर्यादीची प्रत, जागेचा पंचनामा, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या सगळ्या पावत्या, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचे नोंदणीपुस्तक, परवाना आणि विमा, हे कागद लागतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत अपघाताची पहिली माहिती न्यायाधिकरणाला कळवायची असते आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. तो दिला का, हे ठाण्यात जाऊन विचारावे. दावा अपघात झाला त्या जिल्ह्यातच करावा लागतो असे नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. कोल्हापूरला अपघात झालेल्या बीडच्या बाईसाठी ही मोठी सोय आहे. मुदत सहा महिन्यांची आहे. या मुदतीवरचा वाद न्यायालयांत गेला आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये.

चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख मागता येतात. पण ते घेऊन प्रकरण मिटवण्याआधी पूर्ण दाव्यात किती मिळेल याचा हिशेब करून पाहावा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत. मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवस दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार देण्याची योजनाही आहे. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते हे खरे, पण तिथे एकदा सही केली की अपील नाही. तेव्हा आकडा समजून घेतल्याशिवाय सही नको.

हे झाले एकेकीचे. संघटना म्हणून आपल्या मागण्या याहून मोठ्या हव्यात. ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्रे देताना बाईचे नाव स्वतंत्र हवे, आणि कोयत्याच्या मजुरीचा निम्मा हिस्सा तिच्या खात्यावर जमा व्हावा. मजूर नेणाऱ्या प्रत्येक गाडीला बसलेल्या माणसांचा विमा सक्तीचा करावा आणि त्याचा हप्ता कारखान्याने किंवा मालकाने भरावा. तोडीच्या हंगामात कामाच्या वेळेला एस.टी. सोडावी. पट्टी आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली कारखान्याने काट्यावर घेऊच नये. एवढे एक केले तरी पुष्कळ जीव वाचतील, कारण ट्रॉली शेवटी काट्यावरच येते.

आणि घरात, बचतगटात, महिला मंडळात आजपासून करण्यासारखे एक काम आहे. आपण किती आणि काय काम करतो, त्याचे किती पैसे येतात, याची वही ठेवायची. शिवणाची, दुधाची, खुरपणीची, तोडीची. रोजगार हमीच्या हजेरीपटावर आपले नाव आहे का ते बघायचे. मजुरी स्वतःच्या खात्यात घ्यायची. हे मरणाची तयारी म्हणून नाही. जिवंतपणी ज्या श्रमाची नोंद नसते, त्याची किंमत मेल्यावर कुणी देत नाही, हे मी कागदांच्या गठ्ठ्यांत पुन्हापुन्हा पाहिले आहे. 'तुम्ही काय करता?' असे विचारल्यावर 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर आपल्या तोंडून पुन्हा येऊ नये. तेच उत्तर कुणीतरी पुढे आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरते.